पुराचं मॉडेल निवडताना

महापूर ओसरला की शिरोळ तालुक्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात: पंचनामा आणि सादरीकरण. पंचनाम्यावर आजवर पुष्कळ लिहून झालंय, सादरीकरणाकडे मात्र कुणी चिकित्सेच्या नजरेनं पाहत नाही. पडद्यावर निळ्या रंगाच्या छटा पसरत जातात, एकेक गाव बुडताना दिसतं, मग ‘द्विमितीय’, ‘त्रिमितीय’, ‘डिजिटल ट्विन’ आणि हल्ली ‘एआय’ हे शब्द येतात आणि सभागृह माना डोलावतं. मॉडेल जितकं तपशीलवार आणि जितकं नवं, तितकं ते खरं, अशी सगळ्यांची खात्री असते. अधिकाऱ्यांची असते, पत्रकारांची असते, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची तर असतेच असते.

ही खात्री उथळ आहे, असं माझं म्हणणं आहे. गुंतागुंतीची अभियांत्रिकी व्यवस्था उभारताना किंवा सुधारताना मॉडेल निवडायचं ते आधी निर्णय पाहून. ठरवायचं काय आहे, ठरवायला वेळ किती आहे, आणि हाती घेतलेल्या मॉडेलला कोणती गोष्ट मुळातच दिसू शकत नाही, हे तीन प्रश्न सुटल्यावर मग तपशिलाची चर्चा. याच्या पुढचंही म्हणणं आहे: शिरोळसारख्या ठिकाणी सगळ्या प्रश्नांना एकच मॉडेल पुरवण्याचा आग्रह हा शास्त्रीय बाणा नव्हे, तो प्रशासकीय आळस आहे.

१. यंत्र कुठून कुठपर्यंत?

शिरोळच्या माथ्यावर कोयना (१०५.२५ टीएमसी), वारणा (३४.४० टीएमसी) आणि राधानगरी (८.३६ टीएमसी) ही धरणं आहेत. दूधगंगेचं २५.४० टीएमसीचं काळम्मावाडी आहे, पण तिचं पाणी तालुक्याच्या दक्षिण टोकाला कृष्णेत येतं. वारणा उत्तरेच्या अंगाला, हरिपूरजवळ कृष्णेला मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला. मध्ये कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पूल, पुलांना जोडणारे रस्त्यांचे भराव. राजापूरचा बंधारा हा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा. त्याच्या खाली कर्नाटकात हिप्परगी आणि पुढे १२३ टीएमसीची अलमट्टी, जिची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे.

हे सगळं मिळून एक यंत्र आहे, पण ते कुणी एका टेबलावर बसून आखलेलं नाही. राधानगरीची सुरुवात शाहू महाराजांच्या काळातली, कोयना प्रामुख्यानं विजेसाठी, अलमट्टी कर्नाटकच्या सिंचनासाठी. रस्त्यांचे भराव तर पाण्याचा विचार करणाऱ्या खात्याचे नाहीतच. प्रत्येक भाग आपापल्या जागी योग्य असेल. कुरुंदवाडच्या माणसाला मात्र ते एकत्रच भोगावे लागतात. अभियंते ज्याला गुंतागुंतीची व्यवस्था म्हणतात ती हीच. भाग पुष्कळ असले म्हणून ती गुंतागुंतीची होत नाही. भाग वेगवेगळ्या मालकांचे असून एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून ती गुंतागुंतीची होते.

अशा व्यवस्थेचं मॉडेल करताना पहिला निर्णय समीकरणाचा नसतो, सीमेचा असतो. मॉडेल कुठे तरी तोडावं लागतं, आणि जिथे तोडाल तिथली पाण्याची पातळी हातानं भरावी लागते. महाराष्ट्राच्या यंत्रणेला राजापूरला तोडणं सोयीचं, कारण त्याच्या पुढची मोजमापं दुसऱ्या राज्याची. आता समजा राजापूरला तोडलं आणि तिथे पुरात प्रत्यक्ष मोजलेली पातळी भरली. खालच्या धरणांचा जो काही परिणाम असेल-नसेल तो त्या एका आकड्यात आधीच येऊन बसला. मग याच मॉडेलला ‘अलमट्टीमुळे पाणी तुंबलं का?’ असं विचारण्यात अर्थ उरत नाही. मॉडेल द्विमितीय आहे, महागडं आहे, परदेशी आहे, याचा काही उपयोग नाही. प्रश्न सीमेबाहेर राहिला.

२. आंधळा कोपरा

प्रत्येक मॉडेलला काही गोष्टी दिसतच नाहीत. त्या अंधुक दिसतात असं नव्हे. अजिबात दिसत नाहीत. हा फरक फार थोडे लोक पाळतात.

पूर वरून खाली कसा सरकतो हे काढण्याची ‘मस्किंगम’ नावाची पद्धत आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, त्याच नावाच्या नदीवर ती तयार झाली. आत किती आलं, पात्रात किती साठलं, बाहेर किती गेलं, एवढाच हिशेब. वेगवान, सुटसुटीत, आणि उताराच्या नदीवर चांगली विश्वासार्ह. पण तिच्यात परिणाम फक्त वरून खाली जातो. खालच्या पाण्यानं वरचं पाणी अडवलं, ज्याला आपण फुगवटा म्हणतो, तो या पद्धतीत शून्यच येणार, नदी कोणतीही असो. म्हणजे या पद्धतीनं कुणी ‘फुगवटा आढळला नाही’ असं म्हटलं तर ते नदीबद्दल काहीच सांगत नाही. ते उत्तर गणित सुरू होण्याआधीच ठरलेलं होतं.

शिरोळचा मुख्य प्रश्न नेमका फुगवट्याचा आहे. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला वाट मिळत नाही. ती मागे तुंबते, शेतांतून पसरते, आणि मग वरचा पाऊस थांबला तरी पाणी हलत नाही. हे पकडायला सेंट-व्हेनां या फ्रेंच अभियंत्यानं १८७१ मध्ये मांडलेली पूर्ण समीकरणं लागतात, ज्यांत खालचा परिणाम वर चढू शकतो. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात जी तत्काळ पूर-अंदाज व्यवस्था उभी राहिली, तिच्यात डॅनिश संस्था डीएचआयची ‘माईक-११’ ही प्रणाली वापरली गेली. ती एकमितीय आहे, पण ही समीकरणं सोडवते. ‘एकमितीय’ म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: फुगवट्याच्या बाबतीत मिती किती हा दुय्यम मुद्दा आहे, खालचा परिणाम वर चढू दिलाय की नाही हा पहिला.

नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पाणी शिरून पादुकांवरून दक्षिण दाराबाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. तिथे चढता दक्षिणद्वार वेगळा आणि उतरता वेगळा. पातळी तीच, पण नदी भरत असताना ती गाठली की ओसरताना, हे गाव वेगळं मोजतं. जलशास्त्राच्या पुस्तकातही हेच आहे: सपाट पात्रात पूर चढताना एखाद्या पातळीला जेवढा विसर्ग असतो, तेवढा उतरताना त्याच पातळीला नसतो. तरीही पुलावरच्या मोजपट्टीचा आकडा एका तक्त्यात घालून त्यातून एकच क्युसेकचा आकडा काढायची पद्धत अजून सर्रास चालते. फुगवट्याच्या पट्ट्यात तो तक्ता भरवशाचा नसतो. आणि त्या आकड्यावर पुढे कितीही उंची मॉडेल रचलं, तरी पाया तोच.

दुसरं उदाहरण याच खोऱ्याच्या वरच्या टोकाचं, आणि ते जगभरच्या अभियंत्यांना पाठ आहे. कोयना धरणाच्या आखणीत भूकंपाचा जोर धरणाच्या वजनाच्या ०.०५ पट, तोही पायापासून माथ्यापर्यंत सारखाच, असा स्थिर धरला होता. त्या काळची रूढ पद्धत तीच. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात धरण टिकलं, पण १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला तडे गेले ते पायाशी नव्हे, वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो त्या मानेच्या जागी. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये गतिकीय विश्लेषण प्रसिद्ध केलं, त्यात सर्वाधिक ताण त्याच जागी आला. इथे एक गोष्ट बारकाईनं पाहावी. ०.०५च्या जागी मोठा आकडा घातला असता तर जुन्या पद्धतीनं जास्त काँक्रीट सुचवलं असतं, पण जागा दाखवली नसती, कारण भिंत हलते आणि माथा पायापेक्षा जास्त हलतो हेच त्या पद्धतीत नव्हतं. सुरक्षेचा गुणक वाढवून आंधळा कोपरा उजळत नाही. आज कोयनेची ती भिंत संगणकीय विश्लेषणाच्या आज्ञावल्या तपासण्यासाठी जगभर नमुना म्हणून वापरतात.

३. उत्तर बरोबर, कारण चुकीचं

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग सगळ्यांत पूर्ण, सगळ्यांत तपशीलवार मॉडेलच घ्या, म्हणजे आंधळा कोपराच राहायला नको. खरी अडचण तिथेच सुरू होते.

तपशील वाढला की हातानं भरायचे आकडेही वाढतात. पूर पात्राबाहेर पडल्यावर शेतातून वाहतो, तेव्हा पिकाचा अडथळा किती धरायचा? शिरोळमध्ये पीक म्हणजे मुख्यतः ऊस. ऑगस्टमध्ये एका वावरात वर्षभराचा, डोक्याच्या कितीतरी वर गेलेला आडसाली उभा असतो, शेजारच्या वावरात नुकती आडसालीची लागण झालेली असते, पलीकडे खोडवा, त्याच्या पलीकडे सहा-सात महिन्यांचा सुरू. प्रत्येकाचा अडथळा वेगळा. पाणी डोक्यावरून गेलं की ऊस आडवा होतो आणि अडथळा पुन्हा बदलतो. मॉडेलमध्ये मात्र या सगळ्यासाठी बहुधा एकच घर्षणांक, ‘शेती’ असं नाव देऊन. तो ठरवतात कसा? मागच्या पुराची पातळी जुळेपर्यंत खाली-वर करून.

इथे खरी मेख आहे. शिरोळला पाण्याची पातळी वाढायला दोन कारणं असू शकतात: उसाचा अडथळा जास्त, किंवा खालची पातळी जास्त. मॉडेलमध्ये पहिलं वाढवून दुसरं कमी केलं तरी एका मोजपट्टीवर २०१९च्या महापुराची पातळी जुळते; पहिलं कमी करून दुसरं वाढवलं तरी जुळते. दोन्ही मॉडेल ‘तपासून पाहिलेली’ म्हणून सादर करता येतात. एक सांगेल अलमट्टीचा संबंध नाही, दुसरं सांगेल आहे. दोघांच्याही अहवालात मोजलेली आणि काढलेली रेषा एकमेकींवर बसलेली दिसेल. ब्रिटिश जलशास्त्रज्ञ कीथ बेव्हन यांनी १९९०च्या दशकापासून हा मुद्दा लावून धरला आहे की वेगवेगळ्या आकड्यांचे संच सारखंच उत्तर देतात, आणि उत्तर जुळलं म्हणून कारण जुळलं असं होत नाही.

२०१९च्या महापुराची कारणं शोधायला नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं २०२०च्या अहवालात अलमट्टी-हिप्परगीच्या फुगवट्याला त्या पुराचं कारण मानलं नाही. पूरग्रस्त भागातल्या अनेकांना ते पटलं नाही, आजही पटत नाही. मी इथे कुणाची बाजू घेत नाही. माझी तक्रार वादाच्या पद्धतीबद्दल आहे. दोन्ही बाजू निष्कर्षावर भांडतात; निष्कर्ष ज्या दोन आकड्यांवर उभा आहे, त्यांतला एक दुसऱ्यापासून वेगळा काढता येईल अशी मोजमापं आहेत का, यावर कुणी भांडत नाही.

ती मोजमापं महाग नाहीत. एका जागेची पातळी दोन कारणं वेगळी करू शकत नाही, पण नदीच्या लांबीभर पाण्याचा उतार करू शकतो. खालून फुगवटा आला तर पाण्याचा पृष्ठभाग खालच्या टोकाकडे सपाट होतो आणि परिणाम वर येताना विरत जातो. उसाचा अडथळा असेल तर उतार जिथे ऊस दाट तिथे तीव्र होतो. म्हणजे अर्जुनवाडपासून खिद्रापूरपर्यंत गावोगावच्या भिंतींवर उरलेल्या पाण्याच्या खुणा, पूर ओसरल्यावर रंगसफेदी व्हायच्या आत समुद्रसपाटीच्या संदर्भानं मोजल्या पाहिजेत. शिवाय २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पूर वेगवेगळ्या चालीचे होते. २०१९चा दिवसेंदिवस मुक्काम ठोकून राहिला, २०२१चा जुलैच्या उत्तरार्धात फार झपाट्यानं चढला. दोन पुरांवर आकडे जुळवायचे आणि तिसरा न दाखवता मॉडेलकडून ओळखून घ्यायचा. एवढी परीक्षा न दिलेल्या मॉडेलवर कोट्यवधींच्या भिंती बांधू नयेत.

४. ज्याचा निर्णय त्याचं मॉडेल

आता मूळ मुद्द्याकडे. शिरोळमध्ये पुराबाबत निदान तीन जातींचे निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांची घड्याळं वेगळी आहेत.

पहिला निर्णय आज रात्रीचा: जनावरं हलवायची का? राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५. वरच्या दोन-तीन मोजपट्ट्यांवरून खालच्या गावात किती तासांनी किती चढेल, याचा जुन्या पुरांवरून काढलेला साधा संबंध या निर्णयाला बहुतेक वेळा पुरेसा आहे. तो सरपंचाला कागदावर कळतो, वीज गेली तरी चालतो. अर्थात साधेपणालाही धोका आहे, आणि तो २०१९ला दिसला. ‘२००५ला पाणी इथपर्यंतच आलं होतं’ हे लोकांच्या डोक्यातलं मॉडेल होतं. एका पुरावर बेतलेलं. त्या खुणेच्या वर घर असलेले थांबले, आणि आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. म्हणून साध्या मॉडेलसोबत ते कुठे संपतं हेही सांगावं लागतं: या पातळीनंतर हा तक्ता वापरू नये, सरळ बाहेर पडावं.

दुसरा निर्णय हंगामाचा: धरणात पाणी किती ठेवायचं, केव्हा सोडायचं. इथे नदीचा प्रत्येक वळसा नको, पण पावसाच्या अनेक शक्यता हव्यात. एका अचूक अंदाजापेक्षा शंभर ढोबळ शक्यता जास्त कामाच्या, कारण ऑगस्टमध्ये धरण मोकळं ठेवलं आणि पाऊस गेला तर वीज आणि सिंचन दोन्ही बुडतात. राधानगरीची गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक उंचीला आलं की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. त्यांना वीज लागत नाही, फोन लागत नाही, कुणाचा आदेश लागत नाही. धरणाच्या सुरक्षेपुरतं हे लोखंडात ओतलेलं मॉडेल अत्यंत खात्रीचं आहे. पण खाली नृसिंहवाडीला कृष्णा किती आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असावं म्हणून ते बनवलंही नव्हतं. दरवाज्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जो निर्णय त्यांना कधी सोपवलाच नाही तो घ्यायला दुसरी व्यवस्था लागते.

तिसरा निर्णय पन्नास वर्षांचा: भराव काढून त्या जागी मोऱ्या किंवा खांबांवरचा रस्ता करायचा का, भिंत बांधायची तर ती कुणाच्या शेतात पाणी ढकलेल. इथे मात्र मला द्विमितीय मॉडेल हवंच आहे, आणि तिथे खर्च करताना हात आखडू नये. पण तपशील योग्य जागी हवा. उपग्रहावरून मिळणाऱ्या फुकट उंची-नकाशात एकेक चौकोन ३० किंवा ९० मीटरचा असतो, उंचीत काही मीटरची चूक असते, आणि दाट पिकाची उंची काही अंशी जमिनीत मिसळते. दहा-बारा मीटर रुंदीचा भराव त्या चौकोनात विरघळून जातो. म्हणजे ज्या भरावासाठी मॉडेल केलं, तोच त्यात नाही! भरावाची माथ्याची रेषा प्रत्यक्ष मोजून मॉडेलमध्ये घातली तर बाकी भाग ढोबळ राहिला तरी चालेल.

५. आक्षेप

‘संगणक स्वस्त झाले, मग तपशिलाची कंजुषी कशाला?’ संगणक स्वस्त झाले, मोजमाप झालेलं नाही. न मोजलेला तपशील हा अंदाजच असतो, फक्त त्याला दशांश चिन्हं लागतात.

‘तीन मॉडेल म्हणजे तीन उत्तरं, लोक गोंधळतील, न्यायालयात प्रतिपक्ष फायदा घेईल.’ हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१०च्या निवाड्यात अलमट्टीची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अशा लढाईत वकिलाला एकच ठाम आकडा हवा असतो हे खरं. पण कर्नाटकही मॉडेल करणार. दोन ठाम आकडे समोरासमोर आले की न्यायाधीश पहिला प्रश्न विचारणार तो गृहीतकांचा. आपली गृहीतकं आपणच आधी उघड केलेली असली तर उलटतपासणीत ती हत्यार होत नाहीत. आणि वेगवेगळ्या जातीची दोन-तीन मॉडेल एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर तो पुरावा एका सुंदर मॉडेलपेक्षा भक्कम असतो. ती वेगवेगळ्या दिशा दाखवत असतील, तर ते आपल्याला न्यायालयाआधी कळलेलं बरं.

‘एआयला जुनी माहिती द्या, ते शिकेल.’ मोजपट्टीवरून मोजपट्टीचा अंदाज ते चांगला करेल, कदाचित माणसापेक्षा चांगला. पहिल्या जातीच्या निर्णयासाठी जरूर वापरावं. पण जी अलमट्टी अजून ५२४ मीटरवर भरलेलीच नाही, तिचा परिणाम जुन्या नोंदींतून शिकता येत नाही. जे घडलेलं नाही त्याचा विचार करायला पाण्याचे नियम लागतात.

‘मग खडकवासल्यासारखं प्रत्यक्ष प्रतिकृतीचं मॉडेल करा.’ १९१६ पासून चालत आलेल्या तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचं हे काम मोठंच आहे, आणि सांडव्याच्या किंवा पुलाच्या खांबांच्या अभ्यासाला आजही त्याला तोड नाही. शंभर-दीडशे किलोमीटरच्या सपाट पट्ट्याला मात्र लांबीचं प्रमाण आणि खोलीचं प्रमाण वेगळं ठेवावं लागतं, आणि मग घर्षण पुन्हा हातानं जुळवावं लागतं. म्हणजे उसाचा प्रश्न परत दारात.

जागतिक बँकेच्या साहाय्यानं कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणाची आखणी सुरू आहे. सादरीकरणं पुष्कळ होतील. शिरोळच्या ग्रामपंचायतींना, नगरपालिकांना आणि विशेषतः इथल्या अभियांत्रिकी पदवीधरांना माझं एकच सांगणं आहे. निळा नकाशा पडद्यावर आला की चार गोष्टी लेखी मागा: मॉडेल खाली कुठे तोडलं आणि तिथे कोणती पातळी भरली, उसाला कोणता घर्षणांक दिला, कोणता पूर मॉडेलला न दाखवता ओळखायला सांगितला, आणि या मॉडेलवरून कोणता निर्णय घेऊ नये असं ते बनवणाऱ्याचंच मत आहे. चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर त्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही करू नका.